आरसा, आरसा, खांदा

मास्तरांनी उजवा पाय दाणकन आपटला. पायाखाली ब्रेक नव्हता, नुसतं रबरी पायपुसणं होतं. गाडी आपल्या मनाने, आपल्या वेळेला, वळणाच्या अलीकडे हलकेच मंदावली आणि रिकाम्या सीटसमोरचं स्टिअरिंग आपोआप फिरलं.

“उशिरा मंदावली,” मास्तर म्हणाले.

“वेळेवर मंदावली,” मागच्या सीटवरून बायको म्हणाली.

“तुला काय कळतंय त्यातलं?”

बायको गप्प बसली. मांडीवरच्या पिशवीत मास्तरांच्या तपासण्यांचे कागद होते. तिने पिशवीचे बंद एकमेकांत अडकवले, सोडवले आणि पुन्हा अडकवले. मास्तरांना तिच्या गप्प बसण्याचाही राग आला. हल्ली त्यांना कशाचाही राग यायचा. बुटाची नाडी तुटली तरी ते बूट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पण या गाडीचा राग वेगळाच होता. ती दारात आली त्या दिवशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती काही अजून खाली उतरली नव्हती.

गाडी लेकीनं पाठवली होती. लेक दूरच्या शहरात नोकरीला. “बाबा, आता तुम्ही चालवायचं नाही,” ती फोनवर म्हणाली होती, “आणि आईनं कुणाच्या दारात ‘जरा सोडता का’ म्हणून उभं राहायचं नाही.” बोलायला काय जातंय! ज्या माणसानं अर्ध्या शहराला गाडी शिकवली त्याच्या दारात चालकाशिवाय चालणारी गाडी. शेजारचा शिंपी गळ्यात टेप घालून बघायला आला आणि म्हणाला, “मास्तर, शेवटी न चुकणारा विद्यार्थी मिळाला की हो तुम्हाला.” त्या दिवसापासून मास्तरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. दोन पँटी त्याच्याकडे शिवायला होत्या, त्या तशाच पडल्या होत्या.

खरं तर मास्तर उभ्या हयातीत याच जागेवर बसत आले होते. चालवणाऱ्याच्या शेजारी. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत या जागेखाली दुसरा ब्रेक होता आणि मास्तरांचा पाय सदैव त्याच्यावर तरंगत असायचा. अर्ध्या शहराला त्यांनी शिकवलं होतं आणि ओरडलेही तेवढ्यांनाच होते. त्यांचा एक मंत्र होता. गाडी जागची हलवण्याआधी आतला आरसा बघायचा, मग बाहेरचा, मग मान वळवून खांद्यावरून मागे. “आरसा, आरसा, खांदा!” यातलं एक जरी विसरलं तरी मास्तर असे कडाडायचे की रस्त्यानं जाणारी माणसंही दचकून मागे बघायची.

मग उन्हाळ्यात एक दिवस शिकवता शिकवता कुणीतरी दिवा बंद करून पुन्हा लावावा तसं झालं. मास्तर भानावर आले तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला व्यवस्थित उभी होती, इंडिकेटर लागलेला होता आणि शिकणारी मुलगी त्यांचे गाल थोपटत रडत होती. डॉक्टर म्हणाले, असं पुन्हा होईल किंवा होणारही नाही. लायसन्स काढून घेतलं गेलं. स्कूलचं शटर खाली आलं. दोन ब्रेकांची गाडी अंगणात ताडपत्रीखाली जाऊन बसली, आणि मास्तरही घरात तसेच बसले.

आज लायसन्स परत मिळायचं होतं. निदान मास्तरांनी तसं ठरवूनच टाकलं होतं. लायसन्स ऑफिसातले डॉक्टर कागद बघणार, आणि कागद स्वच्छ होते. मग एकच प्रश्न विचारणार, असं तिथल्या ओळखीच्या शिपायानं सांगितलं होतं. त्या दिवसानंतर पुन्हा कधी तसं झालं का? मास्तरांनी उत्तर घोटून ठेवलं होतं. ‘एकदाही नाही.’ आंघोळ करताना म्हटलं, दाढी करताना म्हटलं. आताही ते ओठांतल्या ओठांत तेच म्हणत होते.

उत्तर खोटं होतं. मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरात उभे असताना दिवा पुन्हा एकदा गेला आणि आला. आला तेव्हा चहा पायजम्यावर होता आणि कपाच्या ठिकऱ्या सगळ्या फरशीभर. बायको मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. “निसटला,” मास्तर ओरडले, “कसले गुळगुळीत कप आणतेस!” तिने येऊन ठिकऱ्या झाडून घेतल्या. एका शब्दानं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र मास्तरांचा चहा स्टीलच्या पेल्यातून यायला लागला.

चौकाच्या अलीकडे गाडी थांबली. पट्ट्यांशी एक म्हातारा काठी टेकून उभा होता. रस्ता ओलांडावा की नाही हे ठरवायला तो चालवणाऱ्याचा चेहरा शोधत होता आणि स्टिअरिंगमागे चेहराच नव्हता. तो एक पाऊल पुढे आला, घाबरून मागे गेला. गाडी थांबून होती. म्हातारा थांबून होता.

“पाहिलंस?” मास्तर म्हणाले. “माणूस माणसाच्या डोळ्यांत बघून रस्ता ओलांडतो. हिला डोळे आहेत का?” त्यांनी काचेतून हात हलवून म्हाताऱ्याला ‘या या’ केलं. म्हातारा हसला आणि हात वर करून गेला.

“डोळे नसतील,” बायको म्हणाली, “पण ती थकत नाही, पीत नाही, फोनवर बोलत नाही. कोपऱ्यावरची ती पायानं अधू बाई, हल्ली एकटी बाजारात जाऊन येते अशाच गाडीतून. आधी दिराच्या विनवण्या करायची.”

“आणि ओरडत नाही, हेही म्हण की. म्हणून टाक.”

बायकोनं पिशवीचे बंद घट्ट ओढले.

तिला एकदाच शिकवायला घेतलं होतं, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा. मास्तर नेहमीसारखे कडाडले. तिनं गाडी भर रस्त्यात थांबवली, दार उघडलं आणि उतरून घरी चालत गेली. मास्तर घरी पोचले तेव्हा ताट वाढलेलं होतं. त्या विषयावर ती पुन्हा अवाक्षर बोलली नाही.

शेजारून एक पिवळी गाडी गेली. टपावर पाटी, पाटीवर फूल.

“रडूबाईचं स्कूल!” मास्तरांनी नाक मुरडलं. ही रडूबाई एके काळी त्यांच्याकडेच शिकायला होती. प्रत्येक वळणावर डोळ्यांत पाणी. एक दिवस मास्तरांनी तिला रस्त्यातच उतरवलं, तुझ्याच्यानं सायकलसुद्धा व्हायची नाही म्हणाले. तिनं काय करावं? कुठून कुठून शिकली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं स्कूल काढून बसली. वर मास्तरांचा मंत्रही उचलला, असं कानावर आलं होतं. “करू दे मजा. सगळ्याच गाड्या अशा आपोआप चालायला लागल्या की हिच्याकडे कोण काळं कुत्रं येणार आहे?”

“येतात,” बायको म्हणाली. “वयानं मोठ्या बायका येतात.”

“तुला काय माहीत?”

“ऐकलंय.” ती दुसऱ्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत होती.

लायसन्स ऑफिस जवळ आलं तशी गाडीनं मोठा रस्ता सोडला आणि ती फर्निचरवाल्यांच्या गल्लीत शिरली. गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंना पलंग, खुर्च्या, कापूस बाहेर आलेल्या गाद्या. अर्ध्या गल्लीत गेल्यावर गाडी थांबली.

“समोरून वाहन येत आहे,” गाडी गोड आवाजात म्हणाली. “त्या वाहनाला आधी जाऊ देत आहोत.”

मास्तरांनी समोर पाहिलं. समोर एक टेम्पो उभा होता. टेम्पोच्या मागच्या फळीवर, दोराने बांधलेलं, माणसाहून उंच कपाट होतं. कपाटाच्या तिन्ही दारांना आरसे. आणि त्या आरशांत एक गाडी उभी होती, पुढच्या एका सीटवर कपाळाला आठ्या घातलेला माणूस.

“अगं, तो आरसा आहे!” मास्तर गाडीवर ओरडले. “ती तूच आहेस!”

गाडी सौजन्याने हातभर मागे सरकली. आरशातली गाडीही मागे सरकली. ही थोडी पुढे आली. तीही आली. दोघी पुन्हा थांबल्या. टेम्पोच्या शेजारून जायला वाट होती. माणसानं नीट चालवली तर गाडी सहज जाईल एवढी. पण समोरून गाडी येतेय म्हटल्यावर ही तिकडे वळेना.

“समोरील वाहनाला आधी जाऊ देत आहोत.”

मागून हॉर्न सुरू झाले. मास्तर उतरले. टेम्पोत कुणी नव्हतं. दुकानदार म्हणाला, पोरं पलंग घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलीत, जिन्यात अडकलीत, येतील. कधी येतील? येतील तेव्हा येतील. मास्तरांनी कपाटाला धक्का देऊन पाहिलं. ढिम्म हललं नाही. तिकडे डॉक्टर बारा वाजता उठणार होते, आणि आज हुकलं की पुढची तारीख कधी मिळेल ते देवच जाणे.

ते तरातरा मागे आले आणि दार उघडून स्टिअरिंगसमोर बसले.

“अहो, नको,” बायको म्हणाली.

“गप्प बस.”

“अहो, ऐका माझं.”

“गप्प बस म्हटलं ना! इथनं ते ऑफिस दिसतंय. एवढंसं तर अंतर. उभा जन्म गेला माझा यात.”

“गाडी चालकाच्या ताब्यात देण्यासाठी अंगठा ठेवा,” गाडी म्हणाली. मास्तरांनी स्टिअरिंगशेजारच्या पडद्यावर अंगठा दाबला. गाडीनं घटकाभर विचार केला. “क्षमस्व. आपले लायसन्स स्थगित आहे. आपण गाडी चालवू शकत नाही.” तोच आवाज, तीच गोडी. मास्तरांनी अंगठा पँटीला पुसून पुन्हा दाबला. गाडीनं तेच वाक्य पुन्हा तितक्याच प्रेमानं ऐकवलं.

मास्तरांचे कान तापले. हॉर्न वाजत होते, कुणीतरी “ए बाबा, हलव की!” म्हणून ओरडत होतं, आणि आपल्याला एका पत्र्याच्या डब्यानं सर्वांदेखत नाही म्हटलं होतं. वर तो डबा खरं बोलत होता. आता, या क्षणी, बायको मागे बसलेली असताना दिवा गेला असता तर? हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला. त्यांनी बाहेर पडून दार असं आपटलं की गल्लीतली कबुतरं उडाली.

ते आरशासमोर जाऊन उभे राहिले. अंगानं आरसा झाकावा म्हणून त्यांनी हात पसरले. तीन दारांपैकी पाऊणच झाकलं.

“समोर पादचारी आहे,” गाडी म्हणाली.

मागच्या रिक्षातला माणूस खो खो हसला. मास्तरांनी हात खाली घेतले. आरशात त्यांना एक लालबुंद चेहऱ्याचा, शर्ट वर निघालेला म्हातारा दिसला. दात-ओठ खाणारा. त्याच्या खांद्यामागे गाडी दिसत होती. गाडीचं मागचं दार उघडलं. बायको उतरली. तिनं पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि ती स्टिअरिंगसमोर जाऊन बसली. सीट पुढे ओढली. पट्टा लावला.

आणि अंगठा ठेवला.

“नमस्कार,” उघड्या काचेतून गाडीचा आवाज आला. “चालकाची ओळख पटली. लायसन्स वैध आहे.”

मास्तर तसेच आरशाकडे तोंड करून उभे राहिले. गाडीला ठाऊक होतं. लेकीला ठाऊक असणारच. नवऱ्याला तेवढं ठाऊक नव्हतं.

“बसताय ना?” बायको म्हणाली. “बारा वाजतील.”

ते बसले. पिशवी मांडीवर घेतली. बायकोनं आतला आरसा हलवून नीट केला. तिचे ओठ पुटपुटत होते. मास्तरांना शब्द ऐकू आले नसते तरी ओळखू आले असते. आयुष्यभर त्यांनीच ते लोकांच्या तोंडात घातले होते. आरसा, आरसा, खांदा. तिनं मान वळवून मागे पाहिलं. मग समोर बघून आणखी काहीतरी पुटपुटली, छाती भरून श्वास घेतला, सोडला आणि गाडी हलवली.

टेम्पोच्या शेजारची वाट माणसानं नीट चालवली तर पुरण्याएवढी होती. एका बाजूला फळी, दुसऱ्या बाजूला रचलेल्या खुर्च्या. ‘डावीकडे घे’ म्हणून मास्तरांचं तोंड उघडलं. ती घेतच होती. तोंड तसंच उघडं राहिलं. मागचे हॉर्न वाजवत होते, तिनं ढुंकून पाहिलं नाही. इतक्या हळू नेत होती की मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या असत्या कुणीही. खुर्चीच्या पायाला धक्का नाही, फळीला ओरखडा नाही.

“पाय,” ती म्हणाली.

मास्तरांचा उजवा पाय पायपुसण्यावर रेटलेला होता. त्यांनी तो मागे घेतला.

गल्ली संपली तरी तिनं गाडी पुन्हा गाडीच्या हवाली केली नाही. मास्तरांनी घसा साफ केला. “कधी शिकलीस?”

“तुम्ही दुपारचे झोपायचात तेव्हा.”

“चोरून?”

“हो.”

“कशाला? ही भवानी आणून ठेवलीय ना लेकीनं?”

“त्या दिवशी तुम्ही मान टाकलीत तेव्हा शेजारी ती मुलगी होती म्हणून वाचलात. मी असते तर?” तिनं इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं. “मला ब्रेक कुठला तेही माहीत नव्हतं. आणि यंत्र अडलं तर कुणाला हाक मारायची? आज अडलंच की.”

मास्तरांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. मग त्यांना जे टोचत होतं ते बाहेर आलं.

“खांद्यानंतर काय म्हणालीस?”

“श्वास.”

“श्वास?”

“आरसा, आरसा, खांदा, श्वास.”

“श्वास माझ्यात नाहीये! कुणी घातला तो?”

बायकोनं सिग्नलला गाडी थांबवली. तिचे हात स्टिअरिंगवर होते, नखांशी जरासे पांढरे झालेले. “ते तिचं आहे. तुमच्या रडूबाईचं.”

“त्या पोरीकडे?” मास्तर असे कडाडले की शेजारच्या स्कूटरवाल्यानं मान वळवली. “त्या रडक्या पोरीकडे गेलीस तू? अख्ख्या शहरात दुसरं कुणी मिळालं नाही तुला? माझं नाक कापायला तीच बरी सापडली?”

“मिळाले असते दुसरे,” बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण थरथरत होता, आणि मास्तरांच्या पहिल्यांदा लक्षात आलं की तीही रागावलेली आहे. आजची नाही, तेव्हाची, भर रस्त्यातून चालत घरी आली तेव्हापासूनची. “पण मला तुमचंच शिकायचं होतं. तुम्ही शिकवता तसं कुणी शिकवत नाही, हे मलाही माहीत आहे. मला ते फक्त ओरडण्याशिवाय हवं होतं. ते तिच्याकडेच मिळतं.”

सिग्नल सुटला. तिनं मागे पाहिलं, श्वास घेतला आणि गाडी काढली. पुढच्या वळणावर ऑफिसचं फाटक आलं.

डॉक्टर मास्तरांच्या लेकीहून लहान असतील. खोलीत एक टेबल, एक तपासायचा पलंग, भिंतीवर मोठी-लहान होत जाणारी अक्षरं. डोळे तपासले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, एका पायावर उभं केलं. मग डॉक्टर कागद चाळत बसले.

“चांगले आहेत रिपोर्ट,” ते म्हणाले. “खूपच चांगले. ड्रायव्हिंग स्कूल तुमचं, नाही का? माझी बहीण तुमच्याकडेच शिकली. अजून घाबरते तुम्हाला.” ते हसले. “मग आता पुन्हा सुरू करणार?”

“करणार,” मास्तर म्हणाले.

“छान. एवढं एकच राहिलं.” डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. “त्या दिवसानंतर पुन्हा कधी तसं झालं होतं? क्षणभर शुद्ध हरपणं, हातातली वस्तू पडणं, असं काही?”

उत्तर तयार होतं, जिभेवर होतं. दोन शब्द, बस्स. दोन शब्द टाकले की शटर वर, ताडपत्री खाली, पायाखाली ब्रेक. शिंप्याचं तोंड बंद. मास्तरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली आवारात गाडी झाडाखाली लावलेली होती, रेषांच्या बरोबर मधोमध. बायको अजून स्टिअरिंगसमोरच बसून होती. गाडी बंद होती तरी तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि ती आरशात बघत होती.

“काका?” डॉक्टर म्हणाले. “नाही असं लिहू ना?”

मास्तरांना सगळ्यांचा राग आला. या पोरसवदा डॉक्टरचा, लेकीचा, शिंप्याचा, त्या गोडबोल्या गाडीचा, रडूबाईचा. स्टीलच्या पेल्याचा तर सर्वांत जास्त. त्यांनी श्वास घेतला. तोही रागानंच, नाकातून, आवाज करत.

“थांबा, नाही लिहू नका,” ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. “मागच्या आठवड्यात माझ्या हातून चहाचा कप पडला.”